दुसरी किल्ली आणि दुसरं दार

किल्लीकाकांच्या दुकानात कायदा एकच होता. किल्ली फिरवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायची नाही.

दुकान म्हणजे जिन्याखालची अरुंद खोली. पुढे एक फळी, फळीवर किल्ली कापायचं यंत्र, शेजारी कानशींचा डबा, आणि मागच्या भिंतीवर छतापर्यंत खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. गिऱ्हाईक घाईत असलं की म्हणायचं, "द्या हो तशीच, बसेल." त्यावर काका चष्मा कपाळावर सारून सांगत, "बसेल हे तुम्ही म्हणता. कुलूप काय म्हणतं ते विचारून येऊ." मग चार गल्ल्या चालत जाऊन, त्याच्या दारात उभं राहून ते किल्ली दोनदा फिरवत. एकदा उघडायला, एकदा लावायला. त्यांच्याकडची किल्ली कधी परत आली नाही असं लोक म्हणत, आणि ते खरंही होतं.

अशा माणसाने स्वतःसाठी करून घेतलेली दुसरी किल्ली मात्र न फिरवताच खिशात टाकली होती. ती पितळेची नव्हती, प्लास्टिकची होती, म्हणून त्यांच्या ते ध्यानात आलं नाही एवढंच.

ध्यानात आणून दिलं चौकशीने. चौकशी म्हणजे त्यांच्या लेकीची लेक. वय वर्षं दहा. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं; घरीदारी सगळे तिला चौकशीच म्हणत, कारण ती बोलायला लागली तीच "हे काय?" म्हणत. शाळा सुटली की आई कामावरून येईपर्यंत ती दुकानातल्या स्टुलावर बसे. बाकीच्यांचे कान किटत, पण काकांना तिच्या प्रश्नांचा कधी कंटाळा आला नाही. प्रश्न म्हणजे कोरी किल्ली, असं ते म्हणत. दाते पाडल्याशिवाय ती कुठे लागते ते कळत नाही.

त्या दुपारी काका फळीवर पाकीट रिकामं करून बसले होते. बत्तीस दिवसांनी त्यांना परदेशी जायचं होतं, आपल्या थोरल्या बहिणीकडे. ताईचा एक डोळा लहानपणीच अधू झालेला. आता दुसऱ्यावर शस्त्रक्रिया ठरली होती, आणि पट्टी निघेपर्यंत आठवडाभर तिला काहीच दिसणार नव्हतं. दवाखान्याच्या कागदावर एक रकाना होता: घरी कोण नेणार? ताईने तिथे धाकट्या भावाचं नाव लिहिलं होतं. दुसरं लिहायला तिच्याजवळ नाव नव्हतं. भाऊजी तीन वर्षांपूर्वी गेले होते.

आणि भाऊजी गेले तेव्हा काका पोहोचले नव्हते. अंत्यसंस्कार उरकल्यावर, दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिले होते. ताई एका शब्दाने बोलली नाही. गरम सूपचा वाडगा तिने पुढे ठेवला. तो वाडगा काकांना अजून आठवे.

"आजोबा, ही दोन्ही कार्डं सारखीच दिसतात," चौकशी म्हणाली. तिने फळीवरची दोन निळी क्रेडिट कार्डं उचलून एकमेकांवर ठेवली होती, काका किल्ल्या ताडून बघतात तशी.

सारखीच आहेत, काकांनी समजावलं. गेल्या वेळी एकच कार्ड घेऊन गेलो आणि फसलो. आता बँकेत जाऊन त्याच खात्यावर दुसरं काढून घेतलंय. एक बिघडलं तर दुसरं. आपण लोकांना दुसरी किल्ली करून देतो, तसंच.

"मग ही फिरवून बघितली?"

"कार्ड कुठे फिरवतात, वेडाबाई?"

"मग ते चालतं हे कशावरून?"

"बँकेतल्या बाईंनी सांगितलं."

"गिऱ्हाईकपण सांगतं. बसेल म्हणून."

काकांचं हसू ओठांवरच अडकलं. चौकशी पुढे सरसावली. गेल्या वेळचं कार्ड हरवलं होतं का? नाही. मोडलं होतं? तेही नाही. मग झालं काय होतं?

हे काकांनी घरात कुणालाच नीट सांगितलं नव्हतं. आता त्यांनी हातातली कानस खाली ठेवली आणि सांगितलं. वाटेत विमान बदलायचं होतं, ते दुसरं विमान रद्द झालं. नवं तिकीट काढायला कार्ड पुढे केलं, ते नाकारलं गेलं. अनोळखी देशात एकदम मोठी खरेदी बघून बँकेला संशय आला होता, की कार्ड चोराच्या हाती लागलं. बँकेचा फोन लागेना. चौदा तास ते एका लोखंडी बाकावर बसून होते. खिशात कार्ड होतं, खात्यात सारं ठीक होतं, आणि तरी दार बंद.

बँकेने तेव्हा पाठवलेला निरोप त्यांच्या फोनमध्ये अजून होता. चौकशीने तो शोधून काढला आणि बोट ठेवत वाचला. 'सुरक्षिततेसाठी आपले खाते तात्पुरते थांबवण्यात आले आहे.'

"आजोबा, इथे खातं लिहिलंय. कार्ड नाही लिहिलं."

काकांनी चष्मा नाकावर ओढून निरोप पुन्हा वाचला.

"आणि हे नवं कार्ड कुठल्या खात्यावर आहे?"

काकांनी दोन्ही कार्डं पाकिटात टाकली. मग काका उठले, फळीवर 'पाच मिनिटांत येतो' ही पाटी ठेवली आणि म्हणाले, "चल. कुलूप काय म्हणतं ते विचारून येऊ."

समोर बेकरी होती. बेकरीवाल्या बाई जिभेने तिखट आणि मापाने सढळ. दारातच काकांनी फोनवर बँकेचं ॲप उघडलं, चौकशीने त्यात 'खाते थांबवा' असं बटण शोधलं आणि दोघांनी मिळून ते दाबलं. मग काकांनी एक पाव मागितला आणि जुनं कार्ड यंत्राला लावलं. नाकारलं. ते होणारच होतं. त्यांनी नवं कार्ड लावलं. यंत्राने तसाच आवाज काढून तसाच नकार दिला.

"काका, दोन दोन कार्डं बाळगता आणि पावापुरता जीव नाही त्यांच्यात?" बेकरीवाल्या बाई म्हणाल्या. रांगेतली माणसं हसली. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चौकशीचा चेहरा मात्र खुलला होता.

पाव उधारीवर घेऊन दोघं रस्ता ओलांडून परत आले. काका स्टुलावर बसले आणि स्वतःशीच मान हलवू लागले. आठवड्यातून एक तरी गिऱ्हाईक दुकानात येई. किल्ली फिरत नाही, दुसरी करून द्या म्हणे. काका त्याला सांगत, अहो, तुमचं कुलूपच अडकलंय. किल्ल्या दहा केल्या तरी ते थोडंच उघडणार? तीस वर्षं जगाला हेच सांगितलं आणि स्वतःच्या वेळी अडकलेल्या कुलपाला दुसरी किल्ली करून घेतली.

"आपल्याला दुसरी किल्ली नको होती," ते म्हणाले. "दुसरं दार हवं होतं."

"म्हणजे दुसरी बँक?"

"म्हणजे दुसरी बँक. आणि आणखी काय काय ते शोधू. तू विचारत जा."

हे चौकशीला सांगायची गरज नव्हती.

रविवारी सकाळी न्याहारीच्या टेबलावर तीन कार्डांची माहितीपत्रकं पसरली होती. एक आणलं होतं जावईबापूंनी. जावई पंप विकत देशोदेशी फिरत आणि कार्डांच्या बाबतीत आपल्याला गुरू समजत. त्यांचं स्वतःचं कार्ड काळं, धातूचं होतं. टेबलावर टाकलं की ठण्ण वाजे. त्यांनी त्याचे गोडवे गायला सुरुवात केली. विमानतळावर मऊ खुर्च्यांची वेगळी खोली, तिथे खाणंपिणं फुकट, हॉटेलात राहिलं की पॉइंट, विमानात बसलं की पॉइंट, आणि पॉइंट साठले की पुढचा प्रवास फुकट.

"बाबा, तुम्ही त्या पॉइंटांवर कुठे जाऊन आलात?" चौकशीने विचारलं.

जावईबापूंनी चहाचा घोट घेतला. आईने उत्तर दिलं. दोन वर्षांची मुदत होती, साहेबांच्या लक्षात राहिलं नाही, शेवटच्या दिवशी उरल्यासुरल्या पॉइंटांत एक सूटकेस मिळाली. माळ्यावर आहे. तीन चाकांची.

"चार होती," जावई म्हणाले. "एक नंतर निघालं."

काका हसले, पण जावयाचं माहितीपत्रक त्यांनी बाजूला टाकलं नाही. कुठलंही कुलूप विकण्याआधी ते गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारत: दाराच्या आत काय आहे, दार दिवसातून कितीदा उघडता, आणि भीती कशाची वाटते? कोंबड्यांच्या खुराड्याला तिजोरीचं कुलूप लावून कोंबड्या सुखी होत नाहीत. तेच तीन प्रश्न त्यांनी आता स्वतःला विचारायचे ठरवले, आणि चौकशीने वहीत लिहून घेतले.

दाराच्या आत ताई होती. भीती कशाची, हेही सोपं होतं. पहिलं खातं थांबण्याची. तेव्हा बँक वेगळी हवी. तिन्ही कार्डं वेगळ्या बँकांचीच होती. पण काका कुलपाचे खिळे बघायला वापरत ती भिंगाची काचही चौकशीने आणली होती, आणि ती एकेका कार्डाचा कोपरा न् कोपरा न्याहाळत होती. काकांच्या निळ्या कार्डावर, उजव्या कोपऱ्यात, एक छोटं चिन्ह होतं. तिने विचारलं, हे बँकेचं आहे का? जावईबापू इथे खरोखरच उपयोगी पडले. बँक वेगळी आणि ते चिन्ह वेगळं, त्यांनी सांगितलं. दुकानातल्या यंत्राने विचारलेला प्रश्न बँकेपर्यंत पोहोचवते आणि उत्तर परत आणते ती आणखी एक कंपनी असते. ते चिन्ह तिचं.

"म्हणजे बँक घर आणि हा रस्ता," चौकशी म्हणाली. "मग रस्ताच बंद पडला तर?"

जावई थबकले. असं कधी कधी होतं खरं, ते म्हणाले. काही तास एका चिन्हाची सगळीच कार्डं अडतात. त्यांच्या काळ्या कार्डावर काकांच्या कार्डासारखंच चिन्ह होतं. दुसऱ्या माहितीपत्रकावरही तेच. तिसऱ्यावर वेगळं होतं.

हे तिसरं कार्ड बसथांब्याजवळच्या लहान बँकेचं. राखाडी रंगाचं, शाळेच्या पाटीसारखं. विमानतळावरची खोली नाही, भेटवस्तू नाही. कुठेही काहीही घ्या, शंभराला एक परत. वर्षाची फी नाही. आणि खालच्या बारीक अक्षरात, जिथे बाकीच्या दोन्ही बँकांनी परदेशातल्या प्रत्येक खरेदीवर शंभराला तीन-साडेतीन जास्त घेऊ असं हळूच लिहिलं होतं, तिथे या बँकेने लिहिलं होतं: परदेशी वापरावर जादा आकार नाही.

दार कितीदा उघडता? काकांनी बोटांवर मोजलं. विमान तीन वर्षांतून एकदा. हॉटेल कधीच नाही, ताईचं घर असताना. पण पाव रोज, भाजी दिवसाआड, बसचा पास, फोनचं बिल, महिन्याला कोऱ्या किल्ल्यांची पेटी. विमानावर बक्षीस देणारं कार्ड माझ्या काय कामाचं, ते म्हणाले. मला पावावर बक्षीस देणारं पाहिजे.

"पण त्याला काही ऐट नाही हो," जावई कळवळून म्हणाले.

"चांगल्या कुलपालाही नसते."

दुसऱ्या दिवशी आजोबा आणि नात त्या लहान बँकेत गेले. काउंटरवरच्या तरुणाने काकांना खुर्ची दिली आणि मग पाऊण तास चौकशीच्या वहीला उत्तरं दिली. बरं झालं वही होती. कारण सातव्या प्रश्नाला तो सहज म्हणाला की हे कार्ड परदेशात चालतं, पण आधी फोनवरून 'परदेशी वापर' सुरू करावा लागतो. बँकेकडून येतं तेव्हा तो बंदच असतो. काकांनी नातीकडे बघितलं. आणि हे नुसतं खणात ठेवून दिलं तर? नवव्या प्रश्नाला तरुण म्हणाला, बरेच महिने वापरलं नाही तर बँक ते बंदही करू शकते.

परतताना काकांनी तिला समजावलं. वापरात नसलेलं कुलूप गंजतं. लोकांना वाटतं, जास्तीची वस्तू जपून ठेवली की झालं. पण तिला रोज थोडं फिरवावं लागतं, मग ती अडीअडचणीला फिरते. म्हणून पाव ह्याच कार्डावर घ्यायचा. शंभराला एक मिळतं ते निव्वळ तेलाचं बोट.

कार्ड अकराव्या दिवशी आलं आणि चौकशीने आधी फोनवरून त्याचा 'परदेशी वापर' सुरू केला. त्याच दुपारी पुन्हा 'पाच मिनिटांत येतो'ची पाटी लागली. बेकरीच्या दारात त्यांनी निळं खातं थांबवलं आणि राखाडी कार्ड यंत्राला लावलं. यंत्राने मुकाट्याने चिठ्ठी काढून दिली. मग काकांनी निळं सुरू केलं, राखाडी थांबवलं आणि आणखी एक पाव मागितला.

"मघाचा आवडला नाही?" बेकरीवाल्या बाईंनी विचारलं.

"एकदा उघडायला," चौकशीने गंभीरपणे सांगितलं, "आणि एकदा लावायला."

बाईंना काही उमगलं नाही, पण मागची उधारी फिटली म्हणून त्या खूश होत्या. दोन आठवडे घरात पाव फार झाला. शेवटी चौकशीने बक्षिसाचा हिशेब लावला, तर जमा झालेल्या परताव्यात बसत होता एक पाव. तोही अर्धा.

निघायच्या दिवशी काकांनी निळं कार्ड पाकिटात ठेवलं आणि राखाडी चष्म्याच्या डबीत, पुसायच्या फडक्याखाली. दुसरी किल्ली जुडग्यात ठेवायची नसते. निळ्या कार्डाच्या बँकेला त्यांनी प्रवासाची तारीख कळवली होती, कळवल्याचं पत्रही आलं होतं. जावईबापूंनी तीन चाकांची सूटकेस नेता का म्हणून विचारलं आणि विमानतळावर सोडलं.

विमान वेळेवर उतरलं. तिथून ताईच्या गावाला आगगाडी होती. ती चुकली तर पुढची चार तासांनी. आणि दवाखान्याने ताईला न्यायची वेळ दुपारी दोनची दिली होती. स्टेशनात तिकिटाचं यंत्र होतं. काकांनी निळं कार्ड लावलं. नाकारलं. पुसून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. खिशातला फोन थरथरला. बँकेचा निरोप होता, आणि पहिला शब्द वाचताच त्यांना पुढचे सगळे पाठ असल्यासारखे आठवले.

तो लोखंडी बाक डोळ्यांपुढे आला. मागे कुणीतरी घसा खाकरला. आणि मग, कुणास ठाऊक कसं, त्यांच्या डोक्यात भीतीच्या आधी एक प्रश्न उभा राहिला, नातीच्या आवाजातला: बघू या, दुसरं काय म्हणतं?

त्यांनी चष्म्याची डबी उघडली, फडकं बाजूला केलं आणि राखाडी कार्ड यंत्रासमोर धरलं. यंत्राने क्षणभर विचार केला. मग खालच्या फटीतून तिकीट बाहेर आलं.

दीड वाजता ते दवाखान्यात पोहोचले. ताई डोळ्यांवर पट्टी बांधून, कोट घालून, मांडीवर पिशवी घेऊन खुर्चीत बसली होती. अर्धा तास आधीच तयार होऊन. काकांनी तिचा हात हातात घेतला. तिने अंगठ्याने त्यांच्या बोटांवरचे कानशीचे घट्टे चाचपले.

"आलास, ठोक्या." लहानपणी घरातलं दिसेल ते ठोकत बसायचा म्हणून पडलेलं नाव, आता ते नाव घेणारी एवढी एकच उरली होती. "ह्या वेळी किती कार्डं आणलीस?"

"दोन."

"चालली?"

"एक चाललं."

"मग दुसरं कशाला आणलंस?"

"चाललं ते दुसरंच, ताई."

ती हसली. काकांच्या कानावर तिचं हसू तीन वर्षांनी पडत होतं.

घराच्या दारात तिने पिशवीतून जुडगा काढून त्यांच्या हातात दिला. काकांनी किल्ली शोधली आणि त्यांची भुवई वर गेली. एकाच कडीत, शेजारी शेजारी, दाराच्या दोन किल्ल्या. एक झिजून गुळगुळीत, दुसरी नवी कोरी.

"ही नवी कशाला?"

"जुनी हरवली तर."

किल्लीवाल्याची बहीण असून, असं काहीतरी काका पुटपुटले. तेवढ्यात फोन वाजला. चौकशी होती. प्रवास कसा झाला, आत्याआजी कशी आहे, हे तिने विचारलं नाही. कुठलं चाललं, हे विचारलं. काकांनी सांगितलं. मग काय करताय, तिने विचारलं. तेही त्यांनी सांगितलं, आणि किल्ल्यांचं ऐकून ती एकच वाक्य बोलली.

"ती नवी फिरवून बघितली?"

काकांनी नवी किल्ली कुलपात घातली. अर्धी फिरली आणि अडली.

त्यांनी फोन उंबऱ्यावर ठेवला, सामानातून बोटभर कानस काढली आणि पायरीवर बसले. ताई चौकटीला हात धरून उभी राहिली. कानस पितळेवर खरखरू लागली, तशी तिने आवाजाच्या दिशेला मान कलती केली. त्यांचे वडील दारात बसून किल्ली घासत तेव्हाही ती अशीच उभी राहून ऐकत असे.

"आत जाऊन बस ना, ताई. जुनीने उघडतो."

"नको," ती म्हणाली. "मला ऐकू दे."

चार हात मारून काकांनी किल्ली पुसली आणि कुलपात घातली. एकदा उघडायला. एकदा लावायला. मग ती कडीतून सोडवून त्यांनी आपल्या चष्म्याच्या डबीत, फडक्याखाली, राखाडी कार्डाशेजारी ठेवली आणि जुन्या किल्लीने दार उघडलं.